‘ब्राउझर सगळं चालवून घेतो’ म्हणणाऱ्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. मंगल कार्यालयाची नवी साइट दिसायला बरी झाली, पण काम लांबलं, ‘मार्कअप तपासणी’ (पानामागचा कोड तपासणं) म्हणून जादा पैसे लावले, वरची धावती पट्टी काढून टाकली. शिवाय जुनी साइटही सगळ्या मोबाइलवर उघडत होतीच, मग स्टँडर्डचं हे सोवळं कशाला, असं तुमचं म्हणणं. तारे किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे. पण साइट करून घेणारे आणखी चार जण हे वाचतील, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

जुनी साइट उघडत होती, हे अगदी खरं. चूक सापडली म्हणून ब्राउझर पान अडवत नाही. वेब पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचं कडक रूप, एक्सएचटीएमएल, 2000 साली आलं तेव्हा तो कडकपणाही करून झाला. पान एक्सएमएल या काटेकोर स्वरूपात पाठवलं आणि एक टॅग (कोडमधली खूण) बंद करायचा राहिला, की पानाच्या जागी एरर. ते कोणाला झेपलं नाही. पुढे एचटीएमएल 5 लिहिणाऱ्यांनी उलटी वाट धरली आणि मार्कअप चुकलेलं असेल तर ब्राउझरने काय करायचं, तेसुद्धा नियमांत लिहून टाकलं. म्हणून आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळे एकाच पद्धतीने सावरून घेतात. फक्त ते नियमाला धरून सावरतात. पान लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्यांना कुठून कळणार?

तुमच्याच साइटचं बघा. जुन्या पानावर अगदी वर ‘तारीख रिकामी आहे का’ हा छोटा फॉर्म होता आणि त्याचा शेवटचा टॅग लिहायचा राहिला होता. खाली चौकशीचा मोठा फॉर्म: नाव, मोबाइल, हॉल हवा की लॉन, जेवायला किती पानं. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या पोटात फॉर्म चालत नाही. पहिला बंद झालेला नसताना दुसरा सुरू करणारा टॅग आला, तर ब्राउझर तो टॅग चक्क सोडून देतो. त्यामुळे चौकशीचे सगळे रकाने तारखेच्या फॉर्मच्या खात्यात गेले. कोणी ‘चौकशी पाठवा’ दाबलं की तारखेचाच शोध व्हायचा, पान पुन्हा वरून उघडायचं, आणि त्या माणसाचा मोबाइल नंबर अ‍ॅड्रेस बारमधल्या पत्त्याच्या शेपटाला लागलेला दिसायचा. त्याला वाटायचं, चौकशी गेली. तुमच्या मेलवर काहीच यायचं नाही. ‘साइटवरून कोणी विचारतच नाही हो,’ असं तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणाला होतात. लोक विचारत होते, साहेब. पान दिसायला चकाचक होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या व्हॅलिडेटरने मात्र ती ओळ पहिल्या झटक्यात दाखवली.

दरपत्रकाचंही तसंच. ‘जीएसटी वेगळा’ ही ओळ शेवटी लिहूनही तक्त्याच्या डोक्यावर का दिसते, हा प्रश्न तुमचाच. ती ओळ तक्त्याच्या आत होती, पण कुठल्याच रकान्यात नव्हती. असा भटका मजकूर उचलून तक्त्याच्या आधी ठेवायचा, असा नियमच आहे. आम्ही तिला रकाना दिला, ती खाली आली.

आता ‘जादा’ पैशांबद्दल. तपासणीची ओळ कोटेशनमध्ये पहिल्यापासून होती आणि तुमच्या होकारानंतरच काम सुरू झालं. त्यात कसलं सर्टिफिकेट मिळत नाही. प्रत्येक पान तपासायचं, चुका काढायच्या, मग कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून बघायचं, एवढ्याचे ते पैसे. जुन्या पानांवर भाषेच्या जागी इंग्रजीची खूण होती, तिथे मराठीची घातली. आता अंध व्यक्तीच्या मोबाइलवर मराठी आवाज असेल, तर स्क्रीन रीडरला तो निवडता येतो. आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असते, तिथे अक्षरंही बदलतात. ‘कार्यालय’मधला ल आणि ‘शुभविवाह’मधला श पूर्वी हिंदी वळणाचे दिसत होते, आता आपल्या वळणाचे दिसतात. वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागला नाही, दोन अक्षरांची खूण पुरली.

काम लांबलं ते मजकुरापायी. डीटीपीवाल्याकडून फाइल आली ती युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. ती तशीच चिकटवली असती तर पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली असती आणि गूगलला ‘मंगल कार्यालय’ हे शब्द त्यात सापडलेच नसते. कन्व्हर्टर असतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ते हमखास चुकवतात. सगळा मजकूर हाताने वाचून काढला, आणि वेळ लागणार हे त्याच वेळी फोन करून तुम्हाला सांगितलं होतं.

उगाच मोठेपणा सांगत नाही. व्हॅलिडेटर हिरवा झाला म्हणून साइट गूगलवर वर चढते, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीचे सुगम्यतेचे नियम म्हणजे डब्ल्यूसीएजी, त्याच्या 2023 मधल्या 2.2 आवृत्तीतून मार्कअप पार्सिंगचा (कोड बिनचूक वाचता येण्याचा) निकषसुद्धा वगळला गेला, कारण ब्राउझर आता सारखं सावरून घेतात. आम्हीही प्रत्येक सूचनेमागे लागत नाही. पानात टॅगला जोडलेला एखादा कालबाह्य अ‍ॅट्रिब्यूट राहिला म्हणून कोणाची चौकशी बुडत नाही. फॉर्म, तक्ते, दोनदा वापरलेला आयडी (पानातल्या भागाचं ओळखनाव), हेडमधली (कोडच्या वरच्या, न दिसणाऱ्या भागातली) घुसखोरी, इथे मात्र सूट नाही.

हेडवरून आठवलं. तुमचा भाचा हुशार आहे, त्याला एवढा निरोप द्या: चॅटच्या बटणाचा तुकडा चिकटवायचा असेल तर बॉडीच्या, म्हणजे दिसणाऱ्या भागाच्या, शेवटी चिकटव. हेडमध्ये डिव्ह (दिसणाऱ्या मजकुराचा डबा) आला की ब्राउझर हेड तिथेच संपलं असं धरतो. मग त्याखालची कॅनॉनिकलची, म्हणजे पानाचा मुख्य पत्ता सांगणारी, ओळ बॉडीत जाऊन पडते आणि गूगल ती धरत नाही.

राहिली धावती पट्टी. ती चालवणारा मार्की हा टॅग नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी काढला. ब्राउझर अजून तो चालवतात, पण प्रमाण एचटीएमएलमध्ये तो कालबाह्य आहे. आमचा खरा आक्षेप वेगळा होता. तुमच्या घरच्या मोठ्यांनीच डेमो बघताना ‘ते पळतंय, वाचायचं कसं’ असं विचारलं होतं. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारा मजकूर वाचणाऱ्याला थांबवता आला पाहिजे, असा डब्ल्यूसीएजीचा निकष आहे. मार्कीला तसं बटण येत नाही. तरीही पट्टी हवीच असेल, तर थांबवायच्या बटणासकट सीएसएसमध्ये (पानाची सजावट लिहायच्या भाषेत) करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. मजकूर काय फिरवायचा तेवढा लिहून पाठवा, आणि या वेळी युनिकोडमध्ये. तुळशीच्या लग्नानंतर तुमच्याकडे चौकशीची गर्दी होते, त्याआधी लावून टाकू.