विदर्भात पाऊस दुप्पट, मग वावर कोरडं का? एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे आमच्याच गावचे, आता पुण्यात नोकरीला असलेले. मेसेजचा आशय असा: विदर्भात 1000 मिमी पाऊस पडतो, सोलापुरात जेमतेम 550. तरी तिकडे ऊस उभा आणि इकडे कास्तकार रडतो. कारण इकडच्या लोकांनी पाणी कधी अडवलंच नाही, पेरणी झाली की ते पारावर बसतात. उपाय काय, तर प्रत्येक वावरात बोअर.

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. घरची शेती आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी 1000 मिमीचं बघू. ही सरासरी आहे. गडचिरोलीत वर्षाला 1300 मिमीच्या वर पाऊस होतो, बुलढाणा-अकोल्याकडे 700-800च्या आसपास. दोन्ही एकत्र मिसळून काढलेला आकडा आमच्या वावरात पडत नाही. शिवाय पाऊस कसा पडतो तेही बघा. जुलैत एका रात्रीत धो धो कोसळतो, धुरा (बांध) फोडून काळी माती नाल्यात नेतो, आणि मग पंधरा-वीस दिवस ढगाचा पत्ता नसतो. आमची भारी काळी जमीन ओली झाली की फुगते, वरची भेग मिटते, मग पाणी आत जाण्याऐवजी वाहतं किंवा साचतं. पऱ्हाटी (कपाशी) आधी पाण्याने पिवळी पडते, नंतर त्याच महिन्यात उन्हाने माना टाकते. म्हणूनच अकोल्याचं कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरायला सांगतं: जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि खंड पडला तर ओल टिकते. वर्षाची बेरीज सांगून हा प्रश्न कळत नाही.

आता सोलापूर. तिथला ऊस सोलापूरच्या 550 मिमीवर वाढतो असं मानणं मुळात चूक. तो वाढतो उजनी धरणाच्या पाण्यावर. उजनीत येतं भीमेचं पाणी, आणि भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्या निघतात सह्याद्रीत, जिथे पाऊस हजारो मिमी पडतो. सांगलीच्या कृष्णेचं मूळ महाबळेश्वरला. म्हणजे पाऊस घाटावरचा, धरण सरकारी पैशाचं, कालवा वावरापर्यंत. तिथल्या शेतकऱ्यानेही घाम गाळला आहे, त्याबद्दल मला आकस नाही. पण सातारा-सांगलीच्या दुष्काळी माण-आटपाडीच्या लोकांना कालवा पोहोचण्याआधीचे दिवस विचारा, त्यांची कहाणी आमच्यासारखीच निघेल. आणि राज्याच्या चार-पाच टक्के लागवडीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून बराच जास्त वाटा घेतो. तो आदर्श म्हणून आमच्यापुढे ठेवू नका.

आमच्याकडचे कालवे? राज्यातल्या विभागांचा असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने 1984 साली सिंचनाचा अनुशेष (राहून गेलेलं काम) मोजून दाखवला, विदर्भाच्या वाट्याचा खड्डा तेव्हाच कागदावर आला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988ला झालं, तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींवर गेला. भूमिपूजनाला आलेल्या बापाचा मुलगा आज स्वतः बाप झाला आहे. यात आळस कोणाचा, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

बोअरच्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण तो सल्ला ऐकून माणसं कर्जात जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं खारपाणपट्ट्यात आहेत. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. माझ्या काकाला एका एजंटाने पटवलं, खोल गेलं की गोड पाणी लागेल. पाणी लागलंही. काकाने ते हरभऱ्याला दिलं. पहिल्या वर्षी पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या वर्षी सरीच्या तोंडाशी पांढरी पापुद्र्यासारखी खार दिसू लागली. माती वाळली की विटेसारखी कडक, भिजली की साबणासारखी निसरडी. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, मुळांना हवा मिळत नाही. काका म्हणाला, "पाणी हाये बाबू, पर वावराले चालत नाही." बोअरचं कर्ज मात्र तो अजून फेडतो आहे.

बरं, जिथे पाणी गोड आहे तिथे काय झालं? वरुड-मोर्शीकडे जाऊन बघा. संत्र्यासाठी बोअर एकापेक्षा एक खोल गेले, आणि वरुड तालुका भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत गेला. खाली बेसॉल्टचा कातळ आहे, पाणी बहुतेक त्याच्या भेगांत. एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी आणखी खोल जातो.

"पाणी कधी अडवलंच नाही" हे वाक्य तर भंडारा-गोंदियाच्या माणसाने वाचू नये. तिथे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतही, हजारो मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले जुने तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. वरचा तलाव भरला की त्याचं पाणी खालच्यात, तिथून आणखी खालच्यात. धान फुलोऱ्यात असताना हस्ताचा पाऊस चुकला तर पाळीतलं (तलावाच्या बांधातलं) तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी सोडायचं. उन्हाळ्यात तलावाचा गाळ बंडीत भरून शेतात टाकायचा, म्हणजे तलाव खोल आणि जमीन कसदार. 1951 साली मालगुजारीची पद्धत गेली, तलाव सरकारकडे आले, देखभाल कोणाची हेच ठरेना. गाळ साचला, बेशरम नावाचं रानटी झुडूप वाढलं. तरी गोंदियातल्या अर्जुनी मोरगावकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी ती बेशरम उपटून तलावात जुन्या पाणवनस्पती लावल्या, तेव्हा गावठी मासे परत आले. ही माणसं पारावर बसलेली नव्हती.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे: पाणी अडवलं पाहिजे. पण ते पावसाचं, आणि जमिनीच्या जातीप्रमाणे. भंडाऱ्यात तलावाचा गाळ काढणं, वरुडात उपशाला लगाम घालणं, आमच्याकडे शेततळं. भारी मातीत पाणी फारसं झिरपत नाही, त्यामुळे पावसाचं गोड पाणी तळ्यात टिकून राहतं. काकाने बोअरपासून चाळीस पावलांवर शेततळं खोदलं. मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याला त्यातून एकच ओलित (पाणी) दिलं, घाटे भरायच्या वेळी. बोअरच्या तोंडावर आता दगड ठेवलेला आहे.