पाण्याला जादा ऑक्सिजन चिकटवून समीकरण बॅलन्स होत नाही

‘केमिस्ट्री दहा मिनिटांत’ हा सूत्रं आणि समीकरणं लिहायच्या युक्त्या सांगणारा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण डिचोलीच्या भाचीने त्याच्या भरवशावर वहीत ‘एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂’ लिहिलं, शेजारी ‘पाणी’ असंही लिहिलं. मी हटकलं तर म्हणते, ‘‘मामा, पण अणू जुळतात ना?’’

जुळतात, पण ते पाणी नव्हे! फॉरवर्ड सांगतो, अणू जुळले नाहीत तर खालचा छोटा आकडा बदला. अहो, तो आकडा बदलला की पदार्थच बदलतो. हे झालं हायड्रोजन पेरॉक्साइड, फार्मसीत जखम धुवायला पातळ करून विकतात ते. बदलायचा तो सूत्राच्या आधी लिहिलेला मोठा आकडा: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात, पहिल्याच धड्यात, लोखंड आणि वाफेचं समीकरण सोडवताना बजावलंय की ऑक्सिजन जुळवायला ४एच₂ओ लिहा, एच₂ओ₄ नाही. पुस्तक दप्तरातच असतं, उघडायचे कष्ट कोण घेणार?

फॉरवर्डमधलं ‘व्हॅलन्सी तिरक्या फिरवा’, म्हणजे एका अणूची जोडणीची ताकद दाखवणारा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहा, हे बऱ्याचदा चालतं, तेवढं मान्य. आपल्या गोव्याच्या खाणींतल्या हेमेटाइट या लोहखनिजाचं सूत्र तसंच निघतं: लोखंड ३, ऑक्सिजन २, म्हणून एफई₂ओ₃. आता त्याच युक्तीने मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाचं एफई₃ओ₄ काढून दाखवा. त्यात दर तीन लोखंडांमागे एक +२ चार्जचं आणि दोन +३ ची असतात, तिरकं फिरवणार काय? आणि कंस म्हणे शोभेचे! पानाला लावायचा चुना सीए(ओएच)₂. कंस उडवला की सीएओएच₂, एक ऑक्सिजन गायब.

पुढचा सल्ला: ‘आयनिक समीकरणात सगळं फोडा’, म्हणजे सगळे पदार्थ चार्ज असलेल्या सुट्या कणांत (आयनांत) लिहा. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की दह्यासारखा पांढरा साका येतो. तो सिल्व्हर क्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून अख्खाच लिहायचा: एजी⁺ + सीएल⁻ → एजीसीएल. सोडियम आणि नायट्रेट होते तसेच पाण्यात राहतात, म्हणून ते वगळायचे. साकाही फोडलात तर दोन्ही बाजू सारख्याच होतात, म्हणजे कागदावर काही घडलंच नाही.

‘अणू जुळले की झालं’ हेही खोटं. तांबं (सीयू) आणि चांदीचं (एजी) सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी घ्या: यात अणू चोख जुळतात, पण चार्ज डावीकडे +१ आणि उजवीकडे +२. चांदी दोन्हीकडे दुप्पट करा, मग ते समीकरण.