तिसऱ्या पानावर अडलेल्या लेखकास

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलावर चित्रपुस्तक लिहायला घेतलंय आणि तिसऱ्या पानावर गाडी अडलीय? घाबरू नका. पहिल्या पानावर शीर्षक, दुसऱ्यावर अर्पणपत्रिका, म्हणजे तुम्ही अजून सुरूच केलेलं नाही. आणि जे सुरूच नाही ते अडणार कसं? प्रकाशकाला दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं हवीत, तीही २ एप्रिलच्या आत. त्या दिवशी जागतिक स्वमग्नता जनजागृती दिन असतो. ३ तारखेला कुणी विचारत नाही.

पहिलं पथ्य: स्वमग्न मुलाला चुकूनही भेटू नका. भेटलात की पुस्तक बोंबललंच. एक मूल कुकरच्या शिट्टीला कान झाकून पळतं, दुसरं शिट्टी कधी होतेय म्हणून ओट्यापासून हलत नाही. आता पाचव्या पानावर चित्र कुणाचं काढणार? अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांवर तो गाजलेला लेख लिहिला खरा, पण त्यातल्या पहिल्या मुलाला ते १९३८ पासून ओळखत होते. पाच वर्षं! तुमच्याकडे प्रकाशकाचे पाच मिस्ड कॉल आहेत.

नायक मुलगाच ठेवा. मुलींमधली स्वमग्नता अनेकदा डॉक्टरांच्याही उशिरा लक्षात येते, चित्रकाराच्या काय येणार? त्याला एखादी दैवी देणगी द्या. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणं, पियानो, काहीही. फक्त स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या देणगीनं वर्गाची अब्रू वाचवली पाहिजे. बहुतेक स्वमग्न मुलांत असली काही जादू नसते, मान्य. पण मग वर्गानं त्याला खेळायला का घ्यावं? नुसतं त्याला खेळायचंय म्हणून? लहान मुलांच्या मनात असलं काहीबाही भरवू नये.

आईला रडवा. खिडकीशी, पदर डोळ्यांना लावून. चित्रकारालाही सोपं जातं. या आयांना तशीही सवय आहे. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत बडे बडे तज्ज्ञ सांगत, आईचीच माया आटलेली, म्हणून मूल असं. अशा बायकांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असं नावच पडलं होतं. पुढे ते साफ खोटं ठरलं. फ्रीज गेला, रडणं तेवढं आपण ठेवून घेतलं. बाबांना ऑफिसातच असू द्या.

मुखपृष्ठावर जिगसॉ पझलचा तुकडा. ब्रिटनमधल्या स्वमग्न मुलांच्या पालकांच्या संस्थेनं १९६३ साली तो बोधचिन्ह म्हणून प्रथम वापरला, आत रडणाऱ्या मुलाचं चित्र काढून. मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांपैकी अनेकांना तो मुळीच आवडत नाही. आम्ही काय हरवलेला तुकडा आहोत का, म्हणतात. पण त्यांना विचारायला गेलं होतं कोण?

माझ्या अशाच पुस्तकाच्या वेळी माझ्याकडून मात्र पथ्य मोडलं. आम्ही डोंबिवलीत राहतो. शेजारच्या वहिनी दवाखान्यात जाताना आठ वर्षांच्या मुलाला तासाभरासाठी आमच्याकडे सोडायला आल्या. तो आपल्यासारखं बोलत नाही, लोकलच्या घोषणा म्हणतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, ओळीनं, त्या बाईच्या आवाजाच्या चढउतारासकट. मला हायसं वाटलं: निरर्थक बडबड, सतरावं पान झालं! वहिनी चपला घालता घालता म्हणाल्या, “निरर्थक नाही हो भावजी. ‘फलाट क्रमांक चार’ म्हणजे भूक लागली. ठाण्याला एकदा वडापाव खाताना ऐकलेलं ते. आणि ‘पुढील स्टेशन डोंबिवली’ म्हणजे पुरे झालं, घरी न्या.”

हे पुस्तकात घालायचा मोह झाला, पण आवरला. फलाटाला यमक सापडेना, आणि माझ्या नायकाला तर गप्प बसून तारे बघायचे होते.

वहिनी गेल्या. दहाव्या मिनिटाला फलाट क्रमांक चार आला, मी चकलीचा डबा पुढे केला. तीन चकल्या झाल्यावर म्हटलं, आयता बालवाचक मिळालाय, तयार असलेला पहिला फर्मा वाचून दाखवू. आवाजात ओलावा आणून वाचत होतो. सातव्या पानावर आई खिडकीशी आली, पदर डोळ्यांकडे गेला, आणि तो उठला. दाराशी जाऊन त्यानं चपला पायात सरकवल्या.

“पुढील स्टेशन डोंबिवली.”

मग हिंदीत. मग इंग्रजीत.