दुबार पेरणीची सिस्टीम

चक्री, म्हणजे मोबाईलवरचा आकड्यांच्या चाकाचा जुगार, खेळायचं ठरवलंच असेल तर आधी एक वही घ्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. कृषी केंद्राच्या उधारीची जी वही घरात आहे तीच वापरली तर खर्च वाचेल, पण मग बियाण्याचे कुठले आणि लाल-काळ्याचे कुठले हे घरी समजावून सांगताना तारांबळ उडते. वेगळी वही असली की माणूस जुगारी दिसत नाही, अभ्यासू दिसतो. आमच्या गावात पत्ते कुटणाऱ्याला लोक पारावरून उठवतात. वही-पेन घेऊन मोबाईलवर चक्री खेळणाऱ्याला मात्र टपरीवर खुर्ची मिळते.

शहरातले लोक हिला रूलेट म्हणतात. चाक फिरतं, गोळी ज्या घरात थांबेल ते घर लागलं. चाकाला ३७ घरं. १ ते ३६ आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. या शून्याकडे तुम्ही अजिबात लक्ष देऊ नका. सिस्टीम शिकवणारा कोणीही देत नाही, मग तुम्हीच कशाला शहाणपणा करायचा? तरी कोणाला फारच खाज असेल तर घरी बसून एक हिशेब करून पाहावा. सगळ्या ३७ घरांवर एकेक रुपया लावायचा. कुठलं तरी घर लागणारच. लागलेल्या घराचे ३५ आणि त्यावर ठेवलेला तुमचा १, असे ३६ हातात येतात. गेले ३७, आले ३६. बाजारात काट्यावर कापूस टाकला की वजनातून कडता, म्हणजे घट, कापतात, तसा हा एक रुपया. शेकडा २.७०. लालवर लावा, काळ्यावर लावा, एका आकड्यावर लावा, या चाकावर कडता तेवढाच. अमेरिकेत चाकाला दोन शून्यं असतात, घरं ३८, पण देणं तेच ३५. तिथं कडता ५.२६.

ब्लाँ नावाच्या दोघा फ्रेंच भावांनी १८४३ मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्गला एकाच शून्याचं चाक आणलं. कडता कमी, म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याकडे धावलं. त्यातल्या फ्रान्स्वानं पुढे मोंटे कार्लोचा जुगारवाडा चालवायला घेतला आणि गडगंज झाला. कडता कमी करूनही मालक श्रीमंत कसा होतो, हे आपल्या बाजार समितीतल्या कोणत्याही अडत्याला विचारा, तो चहा पाजून सांगेल.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मटक्यापेक्षा हे बरंच की. बरोबर. मटक्यात दहा आकड्यांतला एक लागला तर रुपयाला नऊ मिळतात, म्हणजे कडता शेकडा दहा. जाता जाता सांगतो, हा मटका आपल्याच पिकाच्या जिवावर जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, त्यावर मुंबईत आकडा लागायचा. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. तिकडून भाव येणं थांबल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी साठच्या दशकात चिठ्ठ्यांचा आणि पत्त्यांचा मटका चालू केला. म्हणजे कापूस आम्ही पिकवायचा, भाव न्यूयॉर्कनं काढायचा आणि पैसा मुंबईनं लावायचा. यात आमच्या वाट्याला फक्त वेचणी आली.

तर सुशिक्षित माणसानं चक्रीच खेळावी. मटका दिवसातून दोनदा, चक्री मिनिटाला एकदा. मिनिटाला १०० रुपये लावले तर तासात ६,००० फिरतात आणि त्यातले सरासरी १६२ कडत्यात जातात. रोज चार तास बसलात तर ६४८. २०२५-२६ मध्ये आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ होती. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही रोज दोन मजुरांचं काम उलट्या दिशेनं करता. इतका कामाचा उरक आपल्या गावानं कधी पाहिला होता?

पण तुम्ही नुसते थोडेच खेळणार आहात? तुमच्याकडे सिस्टीम आहे.

सगळ्यांत जुनी आणि लाडकी सिस्टीम म्हणजे मार्टिंगेल. आपल्या भाषेत दुबार पेरणी. लालवर १० लावा. गेले? २० लावा. गेले? ४०. लाल कधी तरी येईलच, आणि आलं की मागचं सगळं नुकसान भरून वर १० रुपये नफा. मृगात पेरलं, पावसानं दडी मारली, मोडून पुन्हा पेरलं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं असल्यामुळे विदर्भातल्या माणसाला ही सिस्टीम शिकवावी लागत नाही, नुसती आठवण करून द्यावी लागते. फरक थोडासाच आहे. शेतातल्या दुबार पेरणीला बियाणं पहिल्याइतकंच लागतं. इथे पहिल्या पेरणीला एक पिशवी, तर दहाव्या पेरणीला ५१२. दहा पेरण्यांच्या मिळून १,०२३ पिशव्या. आणि शेवटी उगवलंच, तर निव्वळ हाती येणारं पीक एका पिशवीचं.

माझ्या भाच्यानं ही सिस्टीम गेल्या हंगामात तूर विकल्यावर चालू केली. पोरगा हुशार, हिशेबाला पक्का. वहीत रोजची तारीख, लाल पेनानं लाल, निळ्यानं काळं. पहिले तीन आठवडे त्याची एकही ओळ तोट्यात नव्हती. दिवसाला शंभर-दीडशे सुटत होते. टपरीवाले काका त्याला कट चहा फुकट देऊ लागले, यावरून प्रतिष्ठेचा अंदाज करा. मला वही दाखवून म्हणाला, "मामा, पाहा. तीनशे वर डाव झाले, एक बी नाही हारलो. शेतीत असं होते का?"

होत नाही, हे मान्यच करावं लागलं. पहिल्या दहा रुपयांपासून लाल येईपर्यंत किंवा दहा पेरण्या संपेपर्यंत एक डाव धरला, तर सलग दहा वेळा काळं किंवा शून्य येण्याचा प्रसंग सुमारे ७८४ डावांत एकदा येतो. म्हणजे ७८३ वेळा दहा-दहा रुपये, ७,८३०. आणि एकदा दहाच्या दहा पेरण्या वाया, १०,२३०. वजाबाकी २,४००. आता ही वजाबाकी ७८४ डाव संपल्यावरच येते असं नाही. ती तिसऱ्या डावाला येऊ शकते, तीनशेव्याला येऊ शकते, हजार डाव येणारही नाही. सिस्टीमची सगळी जादू यातच आहे. ती कडता कमी करत नाही. तो रोज थोडा थोडा कापायच्या ऐवजी साठवून ठेवते आणि एकरकमी मागते. सावकार बरा, तो निदान व्याजाची तारीख सांगतो.

"पण पैसा अमर्याद असेल तर मार्टिंगेल हरतच नाही," असं कोणी गणितवाला तुम्हाला सांगेल. त्याचं खरं आहे. फक्त ज्याच्याकडे अमर्याद पैसा आहे तो दहा रुपयांसाठी बसस्टँडमागच्या टपरीवर कशाला बसेल, एवढं विचारून घ्या. शिवाय प्रत्येक चक्रीला वरची हद्द असते. एका फेरीला अमुकच्या वर लावता येत नाही. ही हद्द मालकानं तुमच्या काळजीपोटी घातली आहे, असंच समजावं.

दुसरा नियम: मागच्या फेऱ्या नीट लिहा. स्क्रीनवरही मागचे आकडे रांगेनं दाखवतात, फुकट दाखवतात, यावरून मालकाचा दिलदारपणा कळतो. आठ वेळा काळं आलं की नववं लाल येणारच, हे तुमच्या रक्तात उसळलं पाहिजे. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मोंटे कार्लोत असंच काळं येत गेलं. दहा झाले, पंधरा झाले, लोक लालवर पैसे ओतत राहिले, कारण आता तर लाल यायलाच पाहिजे होतं. काळं ओळीनं २६ वेळा आलं. तुमच्या दहा रुपयांच्या दुबार पेरणीनं त्या रात्री लाल धरलं असतं, तर २६ व्या फेरीअखेर ६७,१०,८८,६३० रुपये मातीत गेले असते. तेही दहा रुपये जिंकायला.

भाच्याच्या मोबाईलवर काळ्याची आठवी फेरी लागली तेव्हा मी टपरीवरच होतो. भाचा म्हणाला, "मामा, आता लाल येतेच. आठ बार काळं आलं."

टपरीवाले काका भांडं घासता घासता म्हणाले, "मंग त्याले काळ्याचीच सवय लागली असन बे."

दोघांचंही चुकलं, पण काकांचं फुकटात चुकलं. चक्रीला ना सवय लागते, ना कंटाळा येतो. नवव्या फेरीलाही ३७ घरांतली लाल १८ च. याबाबतीत आपली बोंडअळी जास्त मायाळू. तुम्ही फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही कापूस शेतात उभा ठेवला, की ती लक्षात ठेवते, तिथंच मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात सहकुटुंब येते. शेतात मागच्या वर्षाचा पुढच्या वर्षाशी संबंध असतो. जमीन थकते, कीड वाढते, ओल टिकते. म्हणून मागचं पाहून पुढचं ठरवायची आपल्याला खोड, आणि ती चांगली खोड आहे. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत ऐकायला बुलडाण्याकडे गर्दी लोटते, तिथंही माणूस पाऊस आणि पीक विचारायला जातो, लाल की काळं विचारायला नाही. शेतीला जुगार म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी दोन्हीतलं एकही नीट केलेलं नसतं.

बाकीच्या सिस्टीमीही आहेत, ज्यांना दुप्पट करायची छाती नाही त्यांच्यासाठी. हरलं की एक वाढवा, जिंकलं की एक कमी करा, ही दालांबेरची. तो अठराव्या शतकातला फ्रान्सचा मोठा गणिती. नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची शक्यता तीनात दोन, असं त्यानं लिहून ठेवलं. ती चारात तीन आहे. फिबोनाचीवाले १, १, २, ३, ५, ८ अशा उड्या मारतात. लाबुशेरवाले कागदावर आकड्यांची ओळ लिहून दोन्ही टोकांनी खोडत जातात. ही दिसायला फार विद्वान दिसते, टपरीवर खुर्ची सोडा, बाज मिळेल. सगळ्यांचा कडता २.७०.

जिंकलेल्यांच्या गोष्टीही पाठ असू द्या. चार्ल्स वेल्स नावाच्या इंग्रजानं १८९१ मध्ये मोंटे कार्लोची बँक फोडली, म्हणजे टेबलावरचा सगळा पैसा जिंकून नेला, हे जरूर सांगा. तो नंतर लोकांना फसवल्याबद्दल तुरुंगात गेला, हे सांगताना चहाचा घोट घ्या. यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांतला जोसेफ जॅगर खरंच जिंकला. त्याच्याकडे सिस्टीम नव्हती. त्यानं माणसं बसवून फेऱ्या टिपल्या आणि एक चाक झुकतं फिरतंय, काही आकडे जास्त देतंय, हे हेरलं. गिरणीतल्या माणसाला आसाचा दोष कळणारच. तुमच्या मोबाईलमधल्या चक्रीला आस नाही, चाक नाही, गोळी पण नाही. आकडा कुठून निघतो ते फक्त मालकाला माहीत. तुम्ही वही भरत राहा.

कायद्याची फार चिंता नको. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा होता, कॅसिनो नव्हता. आता कायदा नाही आणि कॅसिनो खिशात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याची व्यवस्था चक्री स्वतः करते. तेव्हा घाबरू नका. मोटरसायकलवरून एक दादा येईल, व्हॉट्सॲपवर आयडी देईल, पैसे एका अनोळखी खात्यात टाकायला सांगेल. जिंकलेले पैसे निघाले नाहीत तर तक्रार कुठे करायची, हा प्रश्न त्याला विचारू नका. माणूस दुखावतो.

आणि सिस्टीम शिकवायचा व्हीआयपी ग्रुप असतो, त्याची फी आधी भरा. या सगळ्या धंद्यात चाकाच्या मालकाखालोखाल न हरणारा तो एकच, त्याचा मान राखला पाहिजे.

शेवटचा सल्ला उसनवारीचा. अकराव्या पेरणीच्या वेळी बियाणं संपतंच. तेव्हा कोणाकडे मागायचं, किती मागायचं आणि कशासाठी, हे तोंडपाठ हवं. चाचरलात की समोरचा नाही म्हणतो. माझा भाचा चाचरला नाही. रात्री साडेनऊला दारात उभा, हातात वही, दहाच्या दहा ओळी निळ्या.

"मामा, दहा हजार दोनशे चाळीस हायेत का? सकाळी वापस करतो."

"कायले पाह्यजे बे?"

"ते टाकले का मागचं सारं निंगते. वर दहा रुपये राह्यते."

"दहा हजार?"

"नाई, दहा."

मी खुंटीवरचा सदरा घेतला, खिशातून दहाची नोट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. तो नोटेकडे बघत राहिला. आतून मामीनं विचारलं, जेवला का रे. तो नाही म्हणाला, आणि वही पायरीवर ठेवून हात धुवायला मोरीकडे गेला.