मिनिटाला ४१ थेंब

माणसांचा मला कंटाळा आला होता. म्हणजे सगळ्यांचा नाही. "कामात नाहीस ना?" असं फोनवर विचारून, आपण "आहे" म्हटल्यावर "दोनच मिनिटं" म्हणत चाळीस मिनिटं खाणाऱ्यांचा. शेवटी एका मित्राचं वस्तीपासून लांब, रिकामं पडलेलं घर दहा दिवसांसाठी मागून घेतलं. रेंज नाही, शेजार नाही. "मला जरा स्वतःला भेटायचंय," असं निघताना जाहीर केलं. बायको म्हणाली, "भेटलास तर विचार, गिझर कधी दुरुस्त करणार आहेस."

भेट पहिल्याच रात्री झाली. गृहस्थ भलतेच बडबडे निघाले. दहा वर्षांपूर्वी एका लग्नात मी काय बोलायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय बोलून बसलो, हे त्यांनी मला दोन वाजेपर्यंत ऐकवलं. यांचा फोन कटही करता येत नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसता विचार करत बसवलं. सोबतीला एक बटण, दाबलं की विजेचा झटका. अठरा पुरुषांपैकी बाराजणांनी ते दाबलं, आणि एका पठ्ठ्याने तर १९० वेळा. वाचलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी त्या घरातलं एकूण एक बटण तीन-तीनदा दाबून पाहिलं होतं.

विनोदाचे तर फारच हाल. सुचलेली कोटी स्वतःलाच सांगावी लागते, आणि ती आपण आधीच ऐकलेली असते.

तिसऱ्या दिवशी पाल चुकचुकली. शंकेची नव्हे, खरीच, ट्यूबलाइटच्या मागून. एरवी मी झाडू घेऊन धावलो असतो. इथे तोंडातून निघून गेलं, "या, या."

अलेक्झांडर सेलकर्क नावाचा एक स्कॉटिश खलाशी होता. १७०४ साली कप्तानाशी भांडला. "हे गलबत गळकं आहे, मला इथेच उतरवा," म्हणाला, आणि कप्तानाने खरंच उतरवलं. उतरल्या उतरल्या गड्याला पस्तावा झाला, पण कप्तान बधला नाही. मग त्या निर्जन बेटावर चार वर्षं चार महिने. रात्री उंदीर पाय कुरतडायचे, म्हणून त्याने मांजरं माणसाळवली आणि करमणूक म्हणून त्यांच्याबरोबर नाचायचा. (गलबत पुढे खरंच बुडालं. पण आपलं म्हणणं खरं ठरलं की "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं ऐकवायला समोर कोणी लागतं. मांजरांना त्याचं काय?) मी नाचलो नाही. पालीबरोबर नाचायचं म्हणजे भिंतीवर चढणं आलं.

चौथ्या रात्री नळ ऐकू आला. टप्. आधीपासून गळत असणार, पण आतल्या गृहस्थांपुढे त्याची काय मात्रा चालणार! घड्याळ लावून मोजले. मिनिटाला ४१ थेंब. पुन्हा मोजले, ४१. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला उद्या सकाळी उठायला काहीतरी कारण होतं.

अडगळीत एक गंजका पाना मिळाला. मुख्य कॉक बंद केला, नळाचं डोकं उघडलं. आतला वायसर कडक होऊन चिरला होता. नवा कुठून आणणार? माझ्या स्लिपरच्या टाचेचा तुकडा कापला. पहिला वायसर चौकोनी झाला. दुसरा मोठा. तिसरा बसला, पण पाणी बाजूने उडून थेट चष्म्यावर. स्लिपर चवड्यापर्यंत संपत आली तेव्हा, म्हणजे सहाव्या दिवशी संध्याकाळी, सातवा वायसर बसला. कॉक सोडला. एक मिनिट थांबलो. दोन. शून्य थेंब! त्या दोन दिवसांत लग्नातल्या त्या प्रसंगाचा गृहस्थांनी एकदाही विषय काढला नव्हता. मी वळून वर पाहिलं. पाल नव्हती.

आठव्या दिवशी दार वाजलं. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला एक तरुण होता. माणसांना कंटाळून आलेल्या मी त्याचा दंड धरला आणि एका पायात अर्धी स्लिपर फटफटवत त्याला थेट मोरीत नेलं.

"हा बघा."

त्याने नळाकडे पाहिलं. "काय झालंय?"

"गळत नाहीये."

तो बराच वेळ नळ न्याहाळत राहिला. "बरं," म्हणाला.

"मिनिटाला ४१ होते!"

"साहेब, इथे एकटेच राहता का?" एक-एक पाऊल मागे सरकत त्याने विचारलं. दारात पोचल्यावर त्याने वहीत काहीतरी लिहिलं. आकडा लिहायला एवढा वेळ लागत नाही.