वेगळी खोली

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘वाडा’ आहे. वाडा विकून अकरा वर्षं झाली, ग्रुप चालू आहे. शनिवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडं दुपारची जेवणं उरकून सगळे आडवे झाल्यावर, त्यावर दादाचा लांबलचक मेसेज पडला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, एका इंजिनिअरिंग कॉलेजात विभागप्रमुख. त्यांच्याकडच्या अनुसूचित जातीच्या मुलांनी कॉलेजकडं एक खोली मागितली आहे. संध्याकाळी एकत्र अभ्यासाला बसायला, पहिल्या वर्षाच्या पोरांना सीनियरांनी गणित शिकवायला, आणि १४ एप्रिलच्या तयारीला. समितीवर दादा आहे. त्याचं म्हणणं, शिक्षणात जात आणू नका, लायब्ररी सगळ्यांना उघडी आहे, वेगळी खोली कशाला? आणि शेवटी खास माझ्यासाठी: ‘तुमच्या अमेरिकेत तर कोर्टानंच हे सगळं बंद पाडलं. तिथं मेरिट चालतं. विचारा हिला.’

खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

विचारलंच आहे तर सांगते.

२९ जून २०२३ ला इथल्या सुप्रीम कोर्टानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या खटल्यांत निकाल दिला, प्रवेश देताना वंश बघायचा नाही म्हणून. ते खरं. पण तो निकाल दाराबाहेरच्या रांगेबद्दल आहे. आत आलेल्या पोरानं कुणाबरोबर बसून अभ्यास करायचा, कुठं जेवायचं, घरची आठवण आली तर कुणाकडं जायचं, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. नंतर ब्लॅक आणि इतर गटांच्या मुलांसाठीची कॅम्पसवरची केंद्रं बंद पडली ती सुरुवातीला राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांमुळं. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. युटा विद्यापीठातलं ब्लॅक कल्चरल सेंटर त्याच वर्षी गेलं. म्हणजे मेरिटनं काही बंद केलं नाही, आमदारांनी केलं. दादाला आमदार काय चीज असते ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझ्या घरापासून, बेल्टवे, म्हणजे शहराभोवतीचा रिंगरोड, मोकळा असला तर, पंधरा मिनिटांवर यूएमबीसी आहे. मेरीलँड विद्यापीठाचा बाल्टिमोर काउंटीतला कॅम्पस. तिथं १९८८ मध्ये फ्रीमन ह्राबोव्स्की नावाच्या गणितज्ञानं मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून एक कार्यक्रम सुरू केला. हा माणूस अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. वर्णभेदाविरुद्धच्या १९६३ च्या मुलांच्या मोर्चात बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेला. कृष्णवर्णीय मुलं विज्ञानाला येतात आणि पहिल्या दोन वर्षांत गळतात, हे त्याला दिसत होतं. पहिल्या तुकडीत १९ मुलगे होते. पुढच्या वर्षी मुली आल्या. तुकडी पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे कॅम्पसवर एकत्र राहते, एकत्र गणितं सोडवते, एकत्र जेवते. एकट्यानं अभ्यास करणं तिथं हुशारीचं लक्षण मानत नाहीत. बाकी ठिकाणी पहिल्या दिवशी प्राध्यापक ऐटीत सांगायचे, डावीकडं बघा, उजवीकडं बघा, तिघांतला एकजण पदवीपर्यंत पोचणार नाही. ह्राबोव्स्कीचं म्हणणं, तिघंही पोचली पाहिजेत, ते आमचं काम.

कोर्ट म्हणशील, तर कोर्टही झालं होतं. शेजारच्या कॉलेज पार्कमधली फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेली एक शिष्यवृत्ती १९९४ मध्ये अपील कोर्टानं अवैध ठरवली. १९९६ मध्ये मायरहॉफ सगळ्या वंशांच्या मुलांना खुला झाला. आणि चालूच राहिला, कारण त्याचा जीव शिष्यवृत्तीच्या चेकमध्ये नव्हता, त्या सहा आठवड्यांत होता. किझमेकिया कॉर्बेट इथलीच, २००८ ची पदवीधर. मॉडर्नाच्या लशीमागं जे संशोधन होतं, त्यात तिचा मोठा वाटा. मी ती लस घेतली. दादानं कोव्हिशील्ड घेतली, त्यामुळं त्यानं तिचे आभार मानायचं कारण नाही.

मी शिकवते ते विद्यापीठ वेगळं, एवढं नावाजलेलं नाही. शनिवारी सकाळी दहा ते एक मी कॅल्क्युलसच्या पोरांना घेऊन बसते. पगारात हे धरलेलं नाही, हे दादाला मुद्दाम कळावं म्हणून लिहिते. बहुतेक पोरं बाल्टिमोर शहरातली, बहुतेक ब्लॅक, पण दार सगळ्यांना उघडं, एक नेपाळी मुलगाही येतो. बोर्डावर भिंतीला टेकवलेली शिडी. खालचं टोक सेकंदाला दोन फुटांनी सरकतंय, तर वरचं किती वेगानं घसरेल? गेल्या शनिवारी एक मुलगा, अ‍ॅमेझॉनच्या वेअरहाउसमधून रात्रपाळी करून थेट आलेला, बराच वेळ त्या शिडीकडं बघत बसला. मग म्हणाला, ‘हे वेगाचं प्रमाण बदलत राहतं ना? मग तुम्ही एकच उत्तर कसं मागता?’ प्रश्न अगदी बरोबर होता. कुठल्या क्षणाचं उत्तर हवंय, ते मी फळ्यावर लिहायला विसरले होते. पुढची वीस मिनिटं त्याच्या टेबलावरचे चौघं एकमेकांच्या अंगावर येत भांडत होते आणि मला कुणी विचारत नव्हतं. जाताना तो म्हणाला, मला वाटायचं बाकीच्यांना हे सगळं घरीच कळतं.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाच्या तरुण शिक्षकानं वीस ब्लॅक आणि वीस चिनी मुलांचा कॅल्क्युलसचा अभ्यास जवळून बघितला. प्राध्यापकांनी आधीच कारणं काढून ठेवली होती: आच नाही, पाया कच्चा, घरचं वातावरण नाही, पैसा नाही. त्याला दिसलं ते साधंच होतं. ब्लॅक मुलं सांगितले तेवढे तास इमानदारीनं अभ्यास करत, पण एकटी. चिनी मुलं एकटी करत, मग एकत्र जमत, जेवत, एकमेकांच्या वह्या तपासत. आपण कुठं चुकतोय, आणि बाकीचेही तिथंच अडलेत का, हे त्यांना परीक्षेआधी कळायचं. ट्राइसमननं मग वर्कशॉप काढलं. ढ मुलांचा जादा तास नव्हे, उलट अवघड गणितांचं, एकत्र बसून सोडवायचं. निकाल फिरले.

दादाला अभ्यासाचा मुद्दा एक वेळ पटेल. त्याला खरं खुपतंय ते १४ एप्रिल. अभ्यास करा, पण जयंती कशाला?

त्यानं एकदा ऑक्टोबरमध्ये यावं, बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठाच्या होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला. १८६७ ची संस्था. कृष्णवर्णीयांना जेव्हा इतर कॉलेजं घेत नव्हती, त्या काळातली. अशा सुमारे शंभर संस्था अजून देशात आहेत. (मॉर्गन आणि आणखी तिघींच्या बाजूनं १५ वर्षं खटला चालला, कारण त्यांच्याकडं असलेले अभ्यासक्रमच राज्यानं जवळच्या गोऱ्या कॉलेजांत उघडून त्यांचे विद्यार्थी पळवले. २०२१ मध्ये ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं ठरलं. लायब्ररी सगळ्यांना उघडी आहे म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.) त्या शनिवारी सत्तरीच्या आज्या कॉलेजच्या निळ्या-केशरी रंगात येतात, जुन्या सॉरॉरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची, हाक घालतात आणि पार्किंगच्या पलीकडून विशीतली मुलगी तीच हाक परत देते. कोळशाचा धूर, बँड, आणि कुणाच्याही टेबलावर जाऊन खायची मुभा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा उरुसाला आल्यासारखं वाटलं आणि डोळे भरून आले. कशानं, ते तेव्हा कळलं नाही.

आमच्या कॅम्पसवर ब्लॅक मुलं शेकड्यांनी आहेत, तरी पहिल्या वर्षाच्या मुलीचा पहिला प्रश्न असतो, इथं वेण्या कोण घालतं? डोक्यावर बारीक वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात. ब्लॅक स्टुडंट युनियनच्या खोलीत रविवारी एकजण खुर्चीत, एकजण मागं उभी, आणि आजूबाजूला चारजणी केमिस्ट्रीच्या नोट्स घेऊन. त्या सहा तासांत कुठला प्राध्यापक ऑफिस अवर्समध्ये माणसासारखा बोलतो, कुठली शिष्यवृत्ती कुठल्या तारखेला बंद होते, हे सगळं बोललं जातं. पदवीदानाला हीच मुलं गाऊनवर केंटेचा, म्हणजे रंगीत आफ्रिकी विणीच्या कापडाचा, पट्टा घालतात. नावं पुकारून होईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत अशी सूचना होते, आणि भलीमोठी टोपी घातलेली एखादी आजी नातीचं नाव आल्याबरोबर अशी किंचाळते की डीन हसून थांबतो. गुलाल तेवढा नसतो.

आता आमचं. दर भाद्रपदात आम्ही हायस्कूलचा हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवतो. रविवारी मराठी शाळा. माझी मुलगी कॉलेजात गेली, तिसऱ्या दिवशी इंडियन स्टुडंट असोसिएशनची मेंबर. तिला कुणी विचारलं नाही, वेगळं कशाला? उलट आईनं फोनवर विचारलं, ‘आपली माणसं मिळाली का गं तिला?’

आणि दादा, आपले आजोबा. कागलजवळच्या खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आले तेव्हा कुठं राहिले? व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगमध्ये. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये काढलं ते. मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्यांचं, जातीजातीची बोर्डिंगं निघाली, कारण महाराजांना कळलं होतं की शाळेत नाव घातलं म्हणून पोरगं शिकत नाही. त्याला रात्रीचा कंदील आणि शेजारी वाचणारा दुसरा पोरगा लागतो. नोकऱ्यांतल्या ५० टक्के राखीव जागांचा हुकूमही मराठा बोर्डिंगनंतरचा, २६ जुलै १९०२ चा. आजोबांच्या बोर्डिंगच्या गोष्टी आपण अंगणात झोपून ऐकल्यात. ती वेगळी खोलीच होती की रे. ११ एप्रिलला तू ग्रुपवर ज्योतिबांचा फोटो टाकतोस. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली ते बघ. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना दोन्हींतला धागा दिसला. तुला विमानाचं तिकीट काढूनही दिसेल की नाही, शंका आहे.

इथपर्यंत मी रविवारी रात्री टाइप केलं, ग्रुपवर टाकण्यासाठी. मग टाकलं नाही.

कारण २९ जून २०२३ ला ती बातमी आली तेव्हा मी कॉस्टकोच्या रांगेत होते, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मला पक्कं आठवतंय. पोरीचे अर्ज याच सप्टेंबरात जाणार, बरं झालं. संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत लोक उघड खूश होते. मी मान हलवली. शनिवारी जाऊन शिडीचं गणितही शिकवलं.

आणि त्याच्याही आधीचं. १९९९ मध्ये मी मिडवेस्टमध्ये एम.एस.ला आले. एका अपार्टमेंटमध्ये आम्ही सहाजणी, खालच्या मजल्यावर पाच मुलगे, सगळे देशी. आमच्याकडं एक निळी फाइल होती. मागच्या सहा वर्षांच्या मिडटर्म आणि फायनलचे पेपर, सीनियरांच्या उत्तरांसकट, एका तुकडीकडून दुसरीकडं आलेली. मला पहिल्या सेमिस्टरला सगळे ‘ए’ मिळाले. बाबांनी तिकडं पेढे वाटले.

आमच्या वर्गात ब्लॅक मुलगी एकच होती, सेंट लुईसची. उंच, चष्मा, वर्गात सगळ्यात आधी येऊन बसायची. एका गुरुवारी लायब्ररीत आमच्या टेबलापाशी आली आणि विचारलं, मी तुमच्याबरोबर बसले तर चालेल का? कुणीतरी ‘शुअर’ म्हणालं. तिनं खुर्ची ओढली. निळी फाइल टेबलावरून बॅगेत गेली. ती बॅग माझी होती. मग आम्ही हिंदीत बोलायला लागलो. ठरवून नाही, पण थांबलंही कुणी नाही. ती चाळीस मिनिटं बसली, वहीत काहीतरी लिहीत राहिली, मग ‘गुड लक, यू गाइज’ म्हणून उठली. अपार्टमेंटवर परत जाताना तिच्याबद्दल आमच्यात जो शब्द वापरला गेला, तो लिहीत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला ती दिसली नाही. आम्ही म्हणालो, झेपलं नसेल.

आज दुपारी ऑफिसात बसून तिला लिंक्डइनवर शोधायला गेले. शोधू शकले नाही, कारण तिचं आडनाव मला आठवत नाही. कदाचित कधी विचारलंच नव्हतं. दादाचे दहावीचे मार्क मात्र अजून पाठ आहेत, साडेसातशेपैकी सहाशे चौतीस.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: दादा, खोली कुठली मागितली आहे पोरांनी? अजून निळी टिक आलेली नाही. तिकडं रात्र असेल.