कासव लगेच पाण्यात ढकलू नका
जाळ्यात अडकून फ्लिपर (वल्ह्यासारखा पाय) कापलेल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवावर डहाणूच्या कासव उपचार केंद्रात उपचार चालू आहेत, हे वाचून जीव गलबलला. आमच्या बडोद्यात २०२४ च्या पुरानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये विश्वामित्री नदीतलं एक कासव सापडलं होतं. मागच्या पायात मांजा इतका रुतलेला की आतलं मांस दिसत होतं. शेजारचे काका म्हणाले, "सुरसागर तलावात सोडून देऊ." मी हट्टाने वनखात्याला फोन केला. समुद्री कासवाच्या बाबतीत तर ही घाई फारच वाईट. ते फुप्फुसांनी श्वास घेतं, बेशुद्ध असताना पाण्यात ढकललं तर चक्क बुडून मरतं! असं कासव सापडलं तर सावलीत पोटावर ठेवा, पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. तोंडात पाणी मुळीच ओतू नका. कोळीवाड्यांत हे मोठ्या अक्षरांत लावायला हवं.